वाटेवरचे तुम्ही

हॅम्बुर्ग, ९ फेब्रुवारी

पोकुआ,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. आवाजी निरोप पाठवते, तर तेही ऐकत नाहीस. ऐकले की खूण निळी होते एवढं मला कळतं, तुझी आई अगदीच अडाणी नाही. म्हणून आता कागद. आपल्या ट्वी भाषेत लिहितेय, कारण जर्मन शब्द शोधत बसायला मला वेळ नाही. आणि ट्वी वाचता येत नाही असलं सोंग माझ्यापुढे चालणार नाही, बायबलवर बोट ठेवून मीच तुला ती शिकवलीय.

घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, बसवायचं आणि मग 'अमानिए' विचारायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'इकडे सगळं निवांत आहे, वाटेवरचे तुम्ही आहात, काय बातमी घेऊन आलात?' असं यजमानाने विचारल्याशिवाय पाहुण्याने तोंड उघडू नये. पण तू विचारशील म्हणून मी वाट बघत बसले, तर माझे केस पांढरे होऊन गळूनही जातील. तेव्हा न विचारताच सांगते.

हेर टीडेमान बुधवारी आला होता. तोच, आपल्याला चर्च वापरायला देणाऱ्या जर्मन मंडळींच्या कमिटीचा अध्यक्ष, ज्याच्या भुवया तुला केरसुणीसारख्या वाटायच्या. पास्टरशी, आपल्या ओसोफो बोसियाकोशी, उभ्या उभ्या बोलला, कोटसुद्धा काढला नाही. म्हणाला, ईस्टरच्या आधी कमिटी बसेल आणि एप्रिलपासून आपल्याला चर्च द्यायचं की नाही ते ठरवेल. आपला पास्टर एवढा धिप्पाड माणूस, पण ते ऐकून मटकन खुर्चीवर बसला. चर्च नाही मिळालं तर काय, हे तुला मी सांगायला नको. परत त्या टायरच्या गोदामाच्या वरचा मजला. परत ते लोखंडी जिने, रबराचा वास, आणि म्हाताऱ्या नाना येबोआला चौघांनी खुर्चीसकट वर न्यायचं.

आणि हे सगळं कशामुळे? तुझ्या जिभेमुळे. स्पष्टच बोलते.

तू म्हणशील, मला काय सांगतेस, मी तिथेच होते. होतीस, पण तू भाषांतर करायला माइकपाशी होतीस. मी बायकांच्या रांगेत पुढे बसले होते आणि मला त्यांचे चेहरे दिसत होते.

जानेवारीतली ती दोन्ही मंडळींची, त्यांची आणि आपली, एकत्र उपासना, तीसुद्धा आपण इतकी वर्षं मागत होतो तेव्हा कुठे मिळालेली. आपण सकाळपासून तिथे. बर्फ ढकललं, हीटर लावले, मागच्या खोलीत जोलोफ भाताचं पातेलं चढवलं, बायकांनी पांढरी वस्त्रं नेसली. ते लोक आले ते अगदी घंटेच्या ठोक्याला. आता आपण बसलेलो आणि ते दारातून येताहेत, मग आपल्या रीतीने पाहुणे कोण? ते. ओसोफोचं यात काय चुकलं? त्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. ते येऊन बसल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. मी स्वतः ट्रेमधून पाणी नेलं. फ्राऊ लूर्सनं पेला घेतला आणि त्याचं काय करायचं हे न कळून मांडीवर धरून बसली. त्या बाईचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झालाय, लग्न तिथे, नवऱ्याची शवपेटी तिथूनच गेली. आणि मग ओसोफोने दोन्ही हात पसरून, हलक्या आवाजात, आपल्या आजोबांनी विचारावं तसं विचारलं, इकडे सगळं निवांत आहे, वाटेवरचे तुम्ही आहात, काय घेऊन आलात?

आणि तू माइक तोंडाशी नेऊन जर्मनमध्ये काय म्हणालीस? 'आमच्याकडे शांतता आहे. इथे काय काम आहे तुमचं?'

ओसोफो ओरडला की तूही ओरडायचीस, त्याने कपाळ पुसलं की तूही पुसायचीस, आणि पोरं त्याला हसायची. त्या दिवशी तो इतका मऊ बोलला आणि तुझा आवाज मात्र भलत्याच कुणाचातरी होता. फ्राऊ लूर्सच्या मांडीवरचा पेला कलंडला, तिच्या स्कर्टवर पाणी सांडलं. हेर टीडेमान उठून उभा राहिला. आपले अर्धे लोक अजून हसतमुखाने उत्तराची वाट बघत बसले होते!

ओसोफो सगळ्यांसमोर 'आधी जीभ धुऊन ये' म्हणाला, ते त्याने चारचौघांत बोलायला नको होतं, हे मला मान्य आहे. पण म्हणून माइक खाली ठेवून निघून जायचं? आणि पुढच्या आठवड्यात गावच सोडायचं? म्हणे लाइपझिगला फार्मसीत जागा आहे. हॅम्बुर्गमधली औषधं संपली होती काय?

मला राग याचा येतो की हे तुला येत नाही असं नाही. तिसरीत होतीस तेव्हा येत होतं! त्या कचेरीत, आपल्या राहण्याच्या परवानगीसाठी गेलो होतो तेव्हा. तुझे वडील कामावर, मला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तो काचेमागचा साहेब उभा राहिला, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, आणि तू मान वर करून मला सांगितलंस, 'आई, ते अमानिए विचारताहेत.' माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघा, यांच्याकडेही माणुसकी आहे. मी त्याला सगळं सांगितलं, आपल्या गावापासून, कुमासीपासून, तुझ्या आजोबांच्या कोकोच्या मळ्यापासून, तुझ्या वडिलांच्या बंदरावरच्या नोकरीपर्यंत. तू माझं ते एवढं लांब पाल्हाळ एका वाक्यात संपवलंस, आणि मला वाटलं जर्मन भाषा किती आटोपशीर! मग त्याने हात करून आपल्याला भिंतीजवळच्या खुर्च्यांवर बसायलाही सांगितलं. फक्त पाणी तेवढं दिलं नाही, त्यांना ती सवय नाही.

एका परक्या साहेबाला जे जमलं ते तुला तुझ्याच चर्चमध्ये जमू नये?

येत्या रविवारी ये. सगळ्यांपुढे उभी राहा आणि एवढंच म्हण की जीभ घसरली. बाकीचं मी बघते.

तुझी आई,
बिरागो


हॅम्बुर्ग, २३ फेब्रुवारी

पोकुआ,

आली नाहीस. बरं.

आता इकडची हालत ऐक. तुझ्या जागी ब्रदर ओफोसु उभा राहतोय. भला माणूस आहे, बस चालवतो तेव्हा प्रवाशांशी जर्मन छानच बोलतो, पण त्याचं जर्मन पुढचा थांबा कुठला आणि मागच्या दाराने उतरा एवढ्यापुरतंच. गेल्या रविवारी ओसोफो म्हणाला, 'प्रभू माझा मेंढपाळ आहे.' ओफोसुने 'प्रभू माझा कुत्रा आहे' असं काहीतरी केलं म्हणे, मेंढ्या राखणारा कुत्रा. मागच्या बाकावरची पोरं इतकी हसली की एकजण बाकाखाली गेला. ओसोफोला वाटलं पवित्र आत्मा उतरला, त्याने आणखी जोरात सुरुवात केली. मी डोकं धरून बसले.

हसतेयस ना? हस. इथे माझ्या डोक्याचं भुस्कट झालंय.

मुलं आता प्रवचनाच्या वेळी सरळ फोन काढून बसतात. 'आंटी, काही कळतच नाही तर काय करू?' असं मला तोंडावर विचारतात. खरंय त्यांचं. त्यांना ट्वी कळत नाही, म्हाताऱ्यांना जर्मन कळत नाही, मधला पूल तू होतीस आणि तू लाइपझिगला जाऊन बसलीस. तिथे खोकल्याची बाटली विक.

ओसोफो टायरवाल्याकडे चौकशी करून आला. मीही गेले बरोबर. वरचा मजला आता आणखी कळकट झालाय, एका कोपऱ्यात कुणीतरी जुने फ्रीज आणून टाकलेत. ओसोफो मला म्हणतो, 'सिस्टर बिरागो, देवाला गोदामही चालतं.' मी म्हटलं, 'देवाला चालतं हो, नाना येबोआच्या गुडघ्यांना चालत नाही.' ओसोफोचंही काही खरं नाही. चर्च मिळाल्याचं कळलं तेव्हा त्याने तिकडे मायदेशी आक्राला फोन करून सांगितलं होतं, आम्हाला मनोरा मिळाला, घंटा मिळाली. आता कुठल्या तोंडाने परत फोन करणार?

मी म्हटलं, कुणी काही करत नाही तर आपणच करावं. फ्राऊ लूर्स मंगळवारी वेदीवरची फुलं बदलायला येते. मी मुद्दाम लाँड्रीतून लवकर सुटून गेले, डबाभर जोलोफ घेऊन, वर तळलेली केळी, तिखट कमी. माझ्या इस्त्रीपुरत्या जर्मनमध्ये म्हटलं, माफ करा, जेवा. तिने डबा घेतला, 'धन्यवाद' म्हणाली आणि फुलांची देठं कापत राहिली. पुढच्या मंगळवारी डबा परत मिळाला. घासूनपुसून लख्ख आणि रिकामा. पोकुआ, रिकामा! एक सफरचंद नाही, चिमूटभर साखर नाही. रिकामा डबा परत करणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते आपल्याला कळतं. मी तो डबा स्वयंपाकघरात उलटा ठेवलाय आणि जातायेता त्याच्याकडे बघून चिडतेय.

म्हणजे सगळ्यांशी मीच बोलायचं. कमिटीशी मी, ओसोफोशी मी, पोरांशी मी, तुझ्याशी तर कागदावर! आणि उत्तर कुणी देत नाही.

सतरा मार्चला कमिटी बसणार आहे. आपल्यातर्फे ओसोफो, ओफोसु आणि महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून मी. तू आलीस तर ओफोसुला घरी ठेवता येईल. एवढी एकच गोष्ट मागतेय. मला वाटतं, तू दारातून आत आलेली दिसलीस तरी त्यांचं मन वळेल.

आई


हॅम्बुर्ग, ४ मार्च

पोकुआ,

आज तुझं उत्तर आलं. फोनवर, दोन ओळींचं. 'आई, मी चूक केलेली नाही. जे होतं तेच बोलले.'

एवढंच? मी रात्रंदिवस खपून पानंच्या पानं लिहायची आणि तू दोन ओळी? आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही?

'जे होतं तेच' म्हणजे काय? अमानिएचा अर्थ 'इथे काय काम आहे तुमचं' असा कधीपासून झाला? लाँड्रीत ती गुड्रुन, तिला मी तुझं ते जर्मन वाक्य म्हणून दाखवलं आणि विचारलं, हे कसं वाटतं कानाला? ती इस्त्री खाली ठेवून म्हणाली, 'बिरागो, असं कुत्र्याला म्हणतात.' आणि तू म्हणतेस चूक नाही! शाळेत पहिली यायचीस तेव्हा मी महिला मंडळात मिरवायचे, आमच्या पोकुआला तीन भाषा येतात म्हणून. तीन भाषा येऊन काय उपयोग, एका भाषेतही 'चुकले' म्हणता येत नसेल तर?

तुझा हट्टीपणा तुझ्या वडिलांवर गेलाय. ते असते तर त्यांनीच तुझी बाजू घेतली असती आणि मी एकटी पडले असते. आताही एकटीच आहे म्हणा.

सतरा तारखेला आम्ही जातो आहोत. तुझ्याशिवाय जाऊ. तिथे बोलायचं ते मी ठरवलंय, आणि तुझी गरज लागणार नाही.

आई


हॅम्बुर्ग, १७ मार्च

पोकुआ, माझ्या बाळा,

कमिटीची बैठक आजच झाली. घरी आल्यापासून कोट न काढता लिहायला बसलेय. हे पत्र कसं लिहायचं ते मला कळत नाहीये, पण क्रमाने सांगते, नाहीतर माझा गुंता होईल.

त्यांच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं. त्यांची कमिटी पलीकडे, आपण तिघं अलीकडे. कॉफी होती, ती बेचव बिस्किटं होती. हेर टीडेमानने सुरुवात केली, ढोल फार वाजतात, उपासना वेळेवर संपत नाही, आणि जानेवारीत जे घडलं त्याने आमच्या जुन्या माणसांना घरातच उपरं केल्यासारखं वाटलं. ओसोफोने माफी मागितली. लांबलचक मागितली, त्यात मोझेस आला, इजिप्त आला, आणि ओफोसुने त्यातलं इजिप्त तेवढं नीट पोचवलं. टीडेमानच्या भुवया हलल्या नाहीत.

मग मी उठले. म्हटलं, आता माझं ऐका. म्हटलं, तुम्हाला वाटतं हा आमचा काहीतरी रानटी रिवाज आहे, पण हा रिवाज तुमच्याकडेही आहे. तुमच्याच सरकारी माणसाने मला अमानिए विचारलंय! ओफोसुने भाषांतर केलं, आणि मी ती गोष्ट सांगितली. तुला माहीत आहे मी कशी सांगते ते. तो साहेब कसा उठून उभा राहिला, ते मी उभं राहून दाखवलं. टेबलावर कसं वाकला, ते वाकून दाखवलं. पेन माझ्या दिशेने कसं धरलं, तेही. महिला मंडळात या जागी सगळ्या हसतात. इथे कुणीच हसलं नाही. मी पुढे सांगत राहिले, त्याने विचारलं, मी सगळं सांगितलं, त्याने बसायलाही सांगितलं, फक्त पाणी दिलं नाही.

मी हे ओफोसुकडे बघून बोलत होते. तो मध्येच थांबला. शेवटचं वाक्य त्याने भाषांतर केलंच नाही. मी म्हटलं, 'अरे सांग की पुढचं!' तो खाली मान घालून म्हणाला, 'आंटी, पुरे आता. बसा.'

तेवढ्यात फ्राऊ लूर्सने मला विचारलं, अगदी हळू, की तो साहेब नेमकं काय म्हणाला होता? त्याचे शब्द आठवतात का? मी म्हटलं, मला कुठे तेव्हा जर्मन येत होतं, माझ्या मुलीने सांगितलं ते मला कळलं. मुलगी केवढी होती? मी दुसऱ्या हाताने उंची दाखवली. माझ्या छातीपर्यंतही नव्हती.

तिने बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं. मग जानेवारीतलं तुझं ते वाक्य म्हणाली. पुटपुटली खरं तर, स्वतःशीच. 'इथे काय काम आहे तुमचं?' आणि माझ्याकडे बघून, 'असं?'

मी अजूनही वाकलेलीच होते, हातात पेन असल्यासारखी बोटं पुढे करून. पोकुआ, मला तेव्हा माझाच हात दिसला. असा हात करून कुणी पाहुण्याची विचारपूस करतं का? इतकी वर्षं मी तो हात दाखवत आले, बायकांना हसवत आले, आणि एकदाही बघितला नाही.

फ्राऊ लूर्स उठून स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला. ती काचेचा पेला भरून घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. कॉफी असताना पाणी! आपल्या लोकांशिवाय हे कुणी करत नाही. मी प्यायले. सगळं प्यायले, मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग तिने टीडेमानला काहीतरी सांगितलं, त्याने कागद मिटले, आणि निर्णय रविवारपर्यंत कळवू असं म्हणून बैठक संपली.

बाहेर आल्यावर ओसोफो म्हणाला, 'सिस्टर बिरागो, तुमची साक्ष फार प्रभावी झाली.' त्याला काहीएक कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, 'ओसोफो, तुम्ही माझ्या पोरीला सगळ्यांसमोर जीभ धुवायला सांगितलीत. त्या जिभेने काय काय धुऊन घेतलंय ते तुम्हाला माहीत नाही.' मी त्याच्या गाडीत बसले नाही, बसने आले.

बसमध्ये मला तुझा चेहरा आठवला. त्याचे शब्द नाहीत आठवत, पण तू आठवतेस. टाचा उचलून उभी, हनुवटी काउंटरवर, लाल टोपी. त्याने विचारलं आणि तू लगेच बोलली नाहीस. जरा थांबलीस. मला वाटलं, पोर शब्द शोधतेय.

शोधतच होतीस.

आणि मग घरी येऊन तुझ्या वडिलांना मी ती गोष्ट सांगितली, मग चर्चमध्ये, मग तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला. तू शेजारी बसून ऐकायचीस. केवढी झालीस तरी ऐकायचीस, उठून आत जायची नाहीस. मला सांगायचं तरी कधी! मी काय मोडून पडले असते?

पडले असते. तेव्हा पडले असते, खरंय.

जानेवारीत ओसोफोने अमानिए विचारलं तेव्हा तुझ्या तोंडून त्या साहेबाचा आवाज आला. दुसरा येणार तरी कुठून? तुझ्या कानात ती दोन वाक्यं एकमेकांना बांधलेलीच होती. मी महिनाभर तुला जाब विचारतेय, चुकलीस चुकलीस म्हणतेय. 'जे होतं तेच बोलले' म्हणालीस, त्यावर तुला कुत्र्याचं सुनावलं.

मला राग येतोय आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. त्या साहेबावर काढावा तर तो एव्हाना पेन्शन घेऊन बसला असेल. म्हणून भांडी घासली. तो डबापण परत घासला.

आई


हॅम्बुर्ग, २२ मार्च

पोकुआ,

कमिटीचा निरोप आला. वर्षअखेरपर्यंत चर्च आपलं, पुढचं पुढे बघू. ढोल दुपारी एकनंतर बंद. म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही, त्यांच्या त्या हवामानासारखं. ओसोफो नाचतोय. मी म्हटलं, नाचा, पण एकच्या आत. ईस्टरला एकत्र उपासना आहे आणि ओफोसु माइकवर असणार, तेव्हा मेंढपाळाचं जे व्हायचं ते होऊ दे. तुला 'ये' म्हणून मी हे सांगत नाहीये. कुणी तुला ये म्हणालं तर त्याला मी बघून घेईन.

फ्राऊ लूर्स माझा डबा मागत होती. मी नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तिने तो दारात आणून दिला, आत तिच्या बागेतले बटाटे, माती लागलेले. चांगले आहेत.

शुक्रवारी मी लाइपझिगला येतेय. रेल्वेचं तिकीट काढलंय. तुला नको म्हणायला वेळ उरू नये अशा बेताने हे पत्र टाकतेय. तुझ्या दारात उभी राहीन. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. घेतलंस तर रीतीने घे, बसव, पाणी दे आणि मग विचार. ट्वीमध्ये विचार, नाहीतर त्या साहेबाच्या शब्दांत विचार, मला आता दोन्ही कळतं.

मी काय घेऊन येतेय ते आधीच सांगून ठेवते. तक्रार नाही, चर्चचा निरोप नाही, तुला परत न्यायचा विचारही नाही. मला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी त्याला कुमासीपासून सगळं सांगितलं. आजोबा, मळा, बंदर, सगळं. तू ते ऐकून घेतलंस आणि त्याला एकच वाक्य सांगितलंस. ते वाक्य काय होतं? इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय की जर्मन भाषा आटोपशीर आहे. मला खरं ऐकायचंय. जसं होतं तसं सांग, मऊ करू नकोस.

आई


लाइपझिग, २४ मार्च

आई,

ये. घंटी बिघडलीय, दार वाजव.

मी त्याला म्हटलं होतं, माझी आई दमलीय, तिला बसायला खुर्ची द्या. त्याने हात केला तो खुर्च्यांकडे, ते तू खरंच सांगायचीस. पाणी पण मागायचं होतं, अमानिए म्हटलं की पाणी हवंच ना. पण तो इतका मोठ्याने बोलत होता की माझा धीर झाला नाही.

पोकुआ